बंदी नाही, पण नळ कुठं आहे?

मशिदीत बायकांनी यावं की नाही हा वाद आपल्याकडं अजून फतव्याच्या भाषेत चालतो. एक बाजू एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, काढते, दुसरी बाजू दुसरी काढते, आणि तिसरं कुणीतरी दिल्लीच्या कोर्टाकडं बोट दाखवतं. तत्त्वाचा भाग मात्र केव्हाच बराचसा मिटला आहे. पुण्याच्या एका दांपत्यानं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर जानेवारी २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्र दिलं: स्त्रियांनी मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई नाही, जमातीत, म्हणजे इमामामागच्या सामूहिक नमाजात, सामील होणं आणि जुम्मा, म्हणजे शुक्रवारची नमाज, मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाही. २०२३ मध्ये दुसऱ्या एका याचिकेत बोर्डानं तेच पुन्हा सांगितलं, स्त्री-पुरुषांच्या सफा (रांगा) वेगळ्या हव्यात ही अट घातली, आणि नव्या मशिदी बांधताना बायकांच्या जागेचा विचार व्हावा असं आवाहनही केलं. जी संस्था सुधारकांच्या नावानं कधी ओळखली गेली नाही, ती हे लेखी देते आहे. तरीही बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बाजारातल्या बहुतेक मशिदींच्या दारात जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या, वेळी एखादी बाई थांबली, तर तिनं नेमकं कुठं जायचं हे सांगणारी पाटी नसते आणि सांगणारा माणूसही नसतो.

म्हणून फतवा मागणं आता पुरे. मशिदीचा नकाशा मागायला हवा. जागा किती फूट, नळ किती, दार कुठल्या बाजूला, किल्ली कुणाकडं, आणि कमिटीत कोण बसतं, एवढ्यावर हा प्रश्न येऊन ठेपला आहे.

आधी ही जागा कुणाला लागते ते पाहू. गल्लीत राहणारी, घरात असणारी बाई घरात नमाज पढते. तिची अडचण नाही. अडचण घराबाहेर असणारीची आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि राज्याच्या साध्या बसमधून बायकांचा प्रवास फुकट झाला. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरीहून बेळगावला खरेदीला, कॉलेजला, सिव्हिल किंवा केएलई हॉस्पिटलमध्ये पेशंट घेऊन येणाऱ्या बायका त्याआधीही होत्याच, पण आता तिकिटाचा हिशेब न करता निघता येतं. अशी बाई सकाळी दहाला घर सोडते आणि अंधार पडताना परतते. डिसेंबरात इथं सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे जोहर आणि असर (दुपार कलतानाची नमाज) तिच्या अंगावर बाजारात येतात, आणि सूर्यास्तानंतरची मगरिब, जिची वेळ जेमतेम सव्वा तास असते, ती बसमध्ये. बरोबरचा नवरा किंवा भाऊ खडेबाजारातल्या नाहीतर स्टँडजवळच्या मशिदीत जाऊन दहा मिनिटांत मोकळा होतो. ती बाहेर पिशव्या धरून उभी. निपाणीत विड्या आणि तंबाखूच्या कामावर हजेरी लावणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, नर्सिंग करणाऱ्या बायकांचंही तेच होतं. घरी जाऊन कजा, म्हणजे वेळ टळलेली नमाज, पढायची, हा रोजचा रिवाज होऊन बसतो.

इथं नेहमीचं उत्तर येतं: बाईला घरातल्या नमाजाचं सवाब (पुण्य) जास्त आहे. हदीसच्या ग्रंथांत तसं आहे, नाकारायचं कारण नाही. पण त्याच ठिकाणी "अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका" हेही आहे. आणि घर बरं हे जी घरी आहे तिच्यासाठी. जी घरी नाही तिच्यासाठी ते उत्तरच होत नाही. त्यात या भागातले बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या परंपरेतले. हनफी मसलकात दोन वेळच्या नमाजा एकत्र करून पढायची सवलत हज सोडला तर नाही. कस्र करावी, म्हणजे नमाजाच्या चाराच्या दोन रकाती (आवर्तनं) कराव्यात, तर त्यासाठी साधारण ७७-७८ किलोमीटरचा प्रवास लागतो. खानापूर-बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे खानापूरच्या बाईनं जोहर जोहरच्याच वेळेत, चार रकात फर्ज पूर्ण पढायचे. नियम इतका काटेकोर पाळायला सांगणाऱ्या जमातीनं, म्हणजे मशिदीभोवतीच्या समाजानं, तो पाळायला जागा द्यायची नाही, हे कुठल्या फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) बसतं?

जुन्या हनफी फिकहमधली एक गोष्ट इथं लक्षात घेण्यासारखी आहे. इमाम अबू हनीफांनी म्हाताऱ्या बायकांना फजर (पहाटेची), मगरिब आणि इशाला (रात्रीची) मशिदीत जायची मोकळीक दिली होती. का, तर फजर आणि इशाला टवाळखोर झोपलेले असतात आणि मगरिबला जेवणात गुंतलेले. पुढच्या काळातल्या हनफी उलेमांनी जमाना बिघडला म्हणून ही सवलतही काढली आणि सगळ्याच बायकांचं येणं मकरूह (नापसंत) ठरवलं. देवबंदी परंपरेतले मुफ्ती आजही तेच सांगतात. पण सवलत देतानाही आणि काढतानाही कारण एकच दिलं गेलं, ते म्हणजे रस्त्याची स्थिती. आजची बाई मशिदीसाठी घर सोडत नाही. ती आधीच रस्त्यावर आहे, भाजी घेते आहे, सलाईन संपायची वाट बघते आहे. तिला मशिदीच्या दारातून परत पाठवलं म्हणजे ती घरी जात नाही, रस्त्यावरच राहते. ज्या भीतीपोटी हुकूम बदलला होता, तीच भीती आज उलट्या बाजूला झुकते. तर्क इतका सरळ असूनही त्यावर बयान (प्रवचन) क्वचितच ऐकू येतं.

आता ज्या मशिदींनी खोली दिली तिथं काय होतं ते बघू. खरी शिकवण तिथं आहे. खोली बहुतेक वेळा उरलेल्या जागेत काढलेली असते: जिन्याखाली, इमामसाहेबांच्या खोलीमागं, नाहीतर वरच्या मजल्यावर पाणी टाकीशेजारी. पहिल्या रमजानात ती भरते. मग शाबान येईपर्यंत तिथं गुंडाळलेल्या सतरंज्या, इफ्तारची पातेली, जुने पंखे आणि इन्व्हर्टर येऊन बसतो. कुलूप लागतं, किल्ली अजान देणाऱ्या बांगीसाहेबांकडं. बाईनं परक्या पुरुषाला शोधून किल्ली मागायची. ती मागत नाही. वर्षानं कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "खोली दिली, पण बायका येतच नाहीत," आणि जुम्म्याची वाढीव सफ तिथं घालायचा ठराव होतो. दार बंद ठेवून आतली गर्दी मोजायची ही पद्धत आहे. खोली चालते की नाही हे पाहायचं असेल तर ती निदान एक वर्ष जोहरच्या अर्धा तास आधीपासून इशापर्यंत उघडी असायला हवी, रोज, किल्लीशिवाय.

जागेचं गणित अवघड नाही. एका माणसाला खांद्याला साधारण दोन फूट आणि सजद्यासाठी (कपाळ जमिनीला टेकवायला) चार फूट लांबी लागते. जानमाजही (नमाजाची चटई) त्याच मापाची. विजापूरच्या जामा मशिदीच्या फरशीवर २,२५० मुसल्ले (एकेकाच्या नमाजाचे चौकोन) आखलेले आहेत, म्हणजे माणसाला माप लावून मशीद मोजायची चाल इकडची जुनीच. बारा बाय दहाची खोली घेतली, बारा फुटांची भिंत किबल्याच्या, म्हणजे मक्केच्या, बाजूला आली, तर सहा-सहाच्या दोन सफा बसतात आणि मागं दोन फूट चपला-पिशव्यांना राहतात. बारा जणी. जमात संपल्यावर आळीपाळीनं पढणाऱ्यांसाठी बाजारातल्या मशिदीला एवढं पुष्कळ. पण इथं एक चूक हमखास होते. बेळगावहून किबला नाकासमोर पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून सुमारे १५ अंश उत्तरेकडं आहे. मूळ मशीद त्या कोनात बांधलेली असते, मागून काढलेली खोली मात्र रस्त्याला किंवा प्लॉटच्या हद्दीला समांतर असते. मग सफ तिरकी घालावी लागते, कोपरे वाया जातात, बारातल्या दोन-तीन जागा कमी होतात. फरशी बसवतानाच पट्ट्या किबल्याच्या कोनात घातल्या तर नवख्या बाईला दिशा विचारावी लागत नाही आणि जागाही नीट वापरली जाते. फरशी झाल्यावर चिकटपट्टी लावली की ती दोन महिन्यांत पुसण्यानं निघते.

खोली कुठं हवी यालाही नियम आहेत. जमातीत सामील व्हायचं तर ती इमामाच्या पुढं, म्हणजे किबल्याच्या बाजूला, असून चालत नाही. मागं, वर किंवा आड भिंत घेऊन बाजूला चालते. रस्त्यापलीकडचं भाड्याचं दुकान घेऊन त्यात स्पीकर लावायची कल्पना मधूनमधून निघते. हनफींमध्ये गाडी जाईल एवढा रस्ता मध्ये आला आणि सफा सलग नसतील तर इमामाच्या मागं केलेली नमाज जुळत नाही. तिथं बाई स्वतःची नमाज खुशाल पढू शकते, पण जमात नाही. हे आधी सांगितलं जात नाही, मग कुणीतरी मुफ्तींना विचारतं, आणि सगळी सोयच "नाजायज" म्हणून गुंडाळली जाते.

आवाजाचा विषय याहून नाजूक. वरच्या मजल्यावर किंवा भिंतीआड असलेल्या बायकांना इमाम दिसत नाही, त्यांचा सगळा भरवसा स्पीकरवर. सजद्यात असताना लाईट गेली तर त्या तिथंच अडकतात. पुढची तकबीर, म्हणजे "अल्लाहु अकबर"ची हाक, झाली की नाही कळत नाही. अॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर हवा, आणि तो नसेल तर मोठ्यानं तकबीर पुढं पोचवणारा मुकब्बिर दाराजवळच्या सफेत उभा हवा, माईक यायच्या आधी असायचा तसा. रमजानच्या रात्रीच्या तरावीहमध्ये सजदा-ए-तिलावतची आयत, म्हणजे जी वाचली की सजदा करायचा अशी कुराणातली ओळ, आली की इमाम उभ्यानं थेट सजद्यात जातो. "अल्लाहु अकबर" ऐकून न बघणाऱ्या बायका रुकूत जातात. अर्धी खोली वाकलेली, अर्धी जमिनीवर. यावर उपाय एका वाक्याचा: नियत बांधण्याआधी "पहिल्या रकातीत सजदा आहे" असं जाहीर करायचं. पुष्कळ इमाम पुरुषांसाठी ते करतातच. फक्त ते खोलीतल्या स्पीकरवरही जायला हवं. आतला छोटा बॉक्स स्पीकर आणि बाहेरचा भोंगा यांच्या तारा वेगळ्या ठेवाव्यात. २०००च्या ध्वनी नियमांतली रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी बंद जागेतल्या आवाजाला लागू नाही. दोन्ही एकाच बटणावर असले की फजरला भोंग्याबरोबर बायकांची खोलीही मुकी होते. टीव्ही पडदा लावायची सूचना तरुण मंडळी करतात. त्यावरून नवा वाद उकरण्यापेक्षा लाकडी जाळी बरी. सुताराला कळतं, मौलानांना पटतं.

आणि वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं. हौद किंवा नळांची रांग बहुतेक मशिदींत दर्शनी भागात, उघड्यावर. बाईला बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात, डोक्याचा मसह करायला, म्हणजे ओला हात फिरवायला, डोकं उघडं करावं लागतं, पाय घोट्यापर्यंत धुवावे लागतात. ते चारचौघांत होत नाही. तीन नळ, बसायला वीत-दीड वीत उंचीचे ओटे, बुरखा अडकवायला खांद्याच्या उंचीवर खुंट्या, पाण्याला उतार आणि आतून लागणारी कडी, एवढं पुरतं. खुंट्या विसरल्या की काढलेला बुरखा ओल्या ओट्यावर पडतो. उतार विसरला की खानापूरच्या पावसाळ्यात दाराशी शेवाळ धरतं आणि एखादी म्हातारी घसरते. संडास जोडून हवा, आणि तिथं जायचा रस्ता पुरुषांच्या वुजूखान्यातून नको. माझ्या मते पैसे कमी असतील तर खोलीआधी हे बांधावं. नमाज व्हरांड्यातल्या कनातीआडही होईल, वुजूशिवाय होणार नाही.

अजून एक भेद जाणकारांना माहीत असतो, पण बांधकाम ठरवताना बाजूला पडतो. मशिदीच्या आवारातली प्रत्येक जागा शरईदृष्ट्या, म्हणजे धर्मनियमानं, मशीद नसते. वुजूखाना, इमामाची खोली, मदरशाचा वर्ग, ऑफिस हे सहसा त्या हद्दीबाहेर धरलं जातं. पाळीच्या दिवसांत बाईला मशिदीच्या हद्दीत जाता येत नाही, पण हद्दीबाहेरच्या वर्गात बसून बयान ऐकता येतं, मेहर-विरासतीचे मसले विचारता येतात, मुलाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरता येतो. म्हणून एक नमाजाची जागा आणि एक बसायची जागा अशा दोन हव्यात, निदान एकाच खोलीला मध्ये आडभिंत. ते केलं नाही तर महिन्यातले काही दिवस प्रत्येकजणीला वर्ग बुडवावा लागतो, आणि न येण्याचं कारण सगळ्यांना कळतं, ते वेगळंच.

पाटीचंही बोलायला हवं. बेळगावात पाटी म्हटली की भाषेचा वाद आधी आठवतो, पण ही पाटी तिन्ही भाषांत हवीच. घरात दखनी बोलणाऱ्या इथल्या कित्येक मुली मराठी किंवा कन्नड शाळेत शिकल्या आहेत. उर्दू त्यांना कळते, वाचता येत नाही. फक्त उर्दूत लिहिलेलं "मस्तूरात" (स्त्रिया) त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जातं.

प्रत्येक गल्लीतल्या मशिदीनं हे सगळं उद्या करावं असं मी म्हणत नाही. लहान मशिदीत पुरुषांनाच जुम्म्याला रस्त्याच्या कडेला बसावं लागतं, तिथं खोली काढायला सांगणं अन्याय होईल. स्टँड, दवाखाने आणि आठवडी बाजाराजवळच्या मशिदी आधी. त्यानंतर ईदगाह, म्हणजे ईदच्या नमाजाचं मैदान, कारण तिथं बांधकामच लागत नाही: मांडववाल्याची कनात, वेगळी वाट, एक जादा स्पीकर. ईदला तरुण मुली आणि पाळीतल्या बायकांनाही बाहेर आणा, पाळीतल्यांनी नमाजापासून बाजूला राहून दुआत सामील व्हावं, असं पैगंबरांच्या काळातल्या उम्मे अतिय्या यांच्या हदीसमध्ये स्पष्ट आहे. फक्त पहिल्या वर्षी जादा तकबिरींचा गोंधळ होणार हे धरून चालावं. हनफी पद्धतीत पहिल्या रकातीत सनानंतर (सुरुवातीच्या स्तुतीनंतर) तीन, दुसऱ्या रकातीत रुकूआधी तीन. जन्मात कधी ईदची नमाज न पढलेली बाई दुसऱ्या रकातीतल्या पहिल्या तकबिरीलाच रुकूत जाते. आदल्या आठवड्यात मदरशात एकदा करून दाखवलं की संपलं.

दर्ग्यांशी तुलना केली तर चित्र विचित्र दिसतं. कागवाड-अथणीच्या बायका मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात मुलंबाळं घेऊन जातात, आवारात बसतात, डबा खातात. हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायला मुंबईत बायकांना उच्च न्यायालयात जावं लागलं, २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला, तो भाग वेगळा. आपल्या बाजूला मात्र ज्या दर्ग्यांवर सुधारणावादी मौलवी टीका करतात तिथं बाईला सावली मिळते, आणि ज्या मशिदीत त्यांचं बयान चालतं तिथं नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप धर्माचा नाहीच, काळाचा आहे. उडुपीपासून सुरू झालेला हिजाबचा वाद, १५ मार्च २०२२ चा कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल, भोंग्यांवरची आंदोलनं, मग वक्फ कायदा. अशात घरातला विषय चव्हाट्यावर का आणायचा, असं शहाणी माणसंही विचारतात. भीती खोटी नाही. बाहेरचे लोक या विषयाचा वापर करतात, आणि ज्यांना मुसलमान बाई कॉलेजात नको असते त्यांना ती मशिदीत हवी असते, हा विनोद रोज बघायला मिळतो. पण नळ बसवायला पत्रकार परिषद लागत नाही. हा विषय चव्हाट्यावर जाऊ नये असं वाटत असेल तर तो जमातीच्या बैठकीतच सुटायला हवा. कोर्टाचा निकाल फार तर दार उघडेल. आतली मोरी कोर्ट बांधून देणार नाही.

जमातीच्या बैठकीत मात्र बाई नसते. मशीद नमाजापुरती असती तर हे एक वेळ चाललंही असतं. निकाहचं रजिस्टर, जकात-फित्र्याची वाटणी, नवरा-बायकोच्या भांडणाची पंचाईत, खुला (बाईनं मागितलेला तलाक) मागणारीचं म्हणणं, सगळं तिथंच होतं. बाईच्या मय्यतीला गुस्ल (स्नान) बायकाच देतात, पण गुस्लाचा तख्ता आणि कफनाचा साठा मशिदीच्या आवारात, आणि तो आणायला पुरुष शोधायचा. अनेक जमातींत चंदा घरटी असतो आणि मत घरच्या पुरुषाचं. विधवा वर्षाचा चंदा भरते, तिचं मत कुणाचंच नसतं.

वक्फ कायद्याच्या २०१३ च्या दुरुस्तीनं राज्य मंडळावर किमान दोन स्त्रिया बंधनकारक केल्या; २०२५ च्या दुरुस्तीवरून एवढं रान पेटलं, पण दोन मुस्लिम स्त्रियांची तरतूद तिच्यातही आहेच. बंगळुरूच्या मंडळावर बाई चालते आणि गल्लीच्या कमिटीत चालत नाही, याला कायद्याचा आधार नाही. १९९५ च्या मूळ कायद्याच्या कलम ६९ खाली मंडळ वक्फच्या कारभाराची योजना ठरवू शकतं. त्या योजनेत दोन कलमं घालून घेता येतील: चंदा भरणाऱ्या प्रत्येक घरातल्या प्रौढ स्त्रीला मत, आणि कमिटीत दोन जागा. कलम ४४ प्रमाणं मुतवल्लीनं (वक्फच्या व्यवस्थापकानं) दरवर्षी मंडळाला अंदाजपत्रक द्यायचं असतं. त्यात रंगरंगोटी, वीज, इमामांचा पगार असतो. वुजूखान्याची एक ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही. जिथं नवी मशीद उठते आहे किंवा जुनी पाडून बांधली जाते आहे, तिथं तर काम आणखी सोपं आहे, कारण प्लिंथ पडायच्या आधी नळाची पाइप कुठूनही नेता येते. स्लॅब पडल्यावर मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं: आता जागाच उरली नाही.